फरशीवरचं पाणी

गाडी सापडली ती जुन्या रस्त्याला अगदी खेटून. नाक आमच्या गावाकडे, चाकं गाळात, आणि वर पाणी, तीनमजली घर बुडेल एवढं.

आम्ही गाडी शोधत नव्हतो. आमच्या कार्यालयाचं काम धरणात किती गाळ साठला ते मोजायचं. बोटीच्या पोटाला एक यंत्र लावलेलं असतं. ते खाली आवाज पाठवतं, आवाज तळावर आपटून परत येतो आणि त्यावरून पडद्यावर तळाचं चित्र उमटतं. वाळू, खडक, जुन्या झाडांची खोडं, सगळं एकाच तपकिरी रंगात. सवय नसलेल्या माणसाला त्यात काहीच दिसत नाही. मला दिसतं, कारण नोकरीला लागल्यापासून मी दुसरं फारसं काही पाहिलेलं नाही.

त्या दिवशी बोट पाणकावळा चालवत होता. तो आमचा पाणबुड्या. बुडी मारून वर आला की दोन्ही हात पसरून उन्हात उभा राहतो म्हणून त्याला सगळे पाणकावळा म्हणतात, आणि आता फोन उचलतानाही तो स्वतःचं तेच नाव सांगतो.

"मॅडम, तो चौकोन बघितलात?"

"बघितला."

"दगड असेल."

"दगडाला इतके सरळ कोपरे नसतात."

"मग पेटी. सोन्याची. अर्धी तुमची."

"सावली बघ," मी म्हटलं.

आवाजाचीही सावली पडते. वस्तूच्या मागे तो पोचत नाही, तेवढा पडदा काळा राहतो. या काळ्या सावलीत उजेडाचे दोन तुकडे होते, शेजारी शेजारी, गोलसर कोपऱ्यांचे. म्हणजे आवाज त्या वस्तूच्या आरपार गेला होता.

"सावलीला खिडक्या आहेत," मी म्हटलं.

पाणकावळ्याने इंजिन बंद केलं. त्यानंतर काठाला लागेपर्यंत त्याने थट्टा केली नाही.

पोलिसांना कळवून दुसऱ्या दिवशी तो खाली गेला, पाटी हाताने घासली आणि वर येऊन नंबर सांगितला. मी लिहून घ्यायला पेन उघडलं होतं. लिहायची गरज पडली नाही. शाळेच्या सुट्टीत त्या गाडीच्या मागच्या सीटवर मी कितीतरी वेळा उलटी केली होती, आणि उलटी झाली की खाली उतरून पाटीकडे बघत उभं राहायचं असा काकांचा नियम होता. आकडे वाचले की पोट जागेवर येतं म्हणायचे. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. बावीस वर्षांपूर्वी ते त्या गाडीसकट नाहीसे झाले.

काका फ्रिज दुरुस्त करायचे. धरणाच्या पलीकडच्या बाजूला शीतगृहं होती, तिथे त्यांचं बरंचसं काम. कधी कधी आठवडाभर तिकडेच असायचे. ते गेले तेव्हा शोध झाला होता. दोन्ही बाजू जोडणारा मोठा पूल लांब होता. पोलिसांनी त्याचा कठडा तपासला, पुलाखालचं पाणी गळ टाकून चाळलं. काही मिळालं नाही. मग लोकांनी आपापल्या सोयीचं ठरवलं. पलीकडे त्यांचं दुसरं घर होतं म्हणे. दुसरं घर असल्याचा पुरावा एवढाच, की पहिल्या घरी ते आले नाहीत.

मावशीने लोकांशी कधी वाद घातला नाही. का घातला नाही, ते मला त्या आठवड्यात कळलं.

तिला सांगायला मी पोलीस अधिकाऱ्याबरोबर गेले. मावशी रफूचं काम करते. खिडकीला चिकटून टेबल, त्यावर मान वाकवता येणारा दिवा, आणि खुर्चीच्या पाठीवर लोकांचे कोट. कसरीने खाल्लेले, खिळ्याला अडकून फाटलेले, सिगारेटचं भोक पडलेले. ती त्याच कोटाच्या आतल्या दुमडीतून धागे ओढून काढते आणि भोकावर उभे-आडवे विणते. गिऱ्हाईक कोट उजेडात धरून भोक शोधतं आणि त्याला ते सापडत नाही.

अधिकारी वयाने लहान होता, खुर्चीच्या कडेवर बसला होता. "आत एकटेच होते," तो म्हणाला. "दुसरं कुणी नाही."

मावशीची सुई थांबली नव्हती.

"विचारावं लागतं म्हणून विचारतो. त्या सुमारास घरात काही वाद वगैरे?"

"झाला होता."

"कशावरून?"

"यांनी दुपारी फोन केला. पाणी चढतंय, पुलावरून फिरून यावं लागेल, त्यापेक्षा उद्या सकाळी निघतो म्हणाले. त्या आठवड्यातलं ते तिसरं उद्या होतं. मी म्हटलं, उद्याच यायचं असेल तर येऊच नका. तिकडेच राहा."

"मग?"

"मग ते तिकडेच राहिले. असं मला आतापर्यंत वाटत होतं."

अधिकाऱ्याने पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाला, "समोर एवढं पाणी दिसत असताना माणूस गाडी आत घालतो, म्हणजे तपासात आम्हाला तसंच धरावं लागेल. मुद्दाम. कागदापुरतं हो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

तो गेल्यावर मावशीने दिवा बंद केला. भर दुपारी तिने काम थांबवलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"रागावून गेलेला माणूस कुठेतरी जेवत असतो, झोपत असतो," ती म्हणाली. "त्याला मनातल्या मनात शिव्या देता येतात. मी रोज दिल्या. आता हा पोरगा सांगतोय की ते त्याच संध्याकाळी माझं वाक्य ऐकून सरळ पाण्यात गेले."

"त्याला काय माहीत, मावशी."

"तुला तरी माहीत आहे का?"

"नाही."

"गाडीवरून कळतं का? मुद्दाम घातली की कसं? एवढं शिकलीस पाण्याचं."

"खात्रीने नाही सांगता येणार."

"मग बघून ये आणि जेवढं सांगता येईल तेवढं सांग. गोड करून सांगू नकोस."

गाडी पोलिसांच्या आवारात पत्र्याच्या छपराखाली ठेवली होती. काकांना तिथून आधीच हलवलं होतं. मी नळीने थोडं थोडं पाणी सोडून गाळ धूत गेले, जसं आम्ही तळाचे नमुने धुतो, घाई न करता. लोखंड चाळणीसारखं झालं होतं. तरी काही गोष्टी वाचता येत होत्या. गिअर पहिल्यात होता. दिव्यांचं बटण चालू होतं. काचा वर होत्या. मागच्या सीटवर काकांची हत्यारांची पेटी आणि गॅसची छोटी टाकी, पट्ट्याने नीट बांधलेली.

मग बॉनेट उचकटलं. इंजिनाच्या बाजूला डिस्ट्रिब्युटर असतो, सगळ्या प्लगांना ठिणगी वाटून देणारी एक टोपीवजा वाटी. त्या वाटीला प्लास्टिक गुंडाळलेलं होतं. पांढरं, त्यावर निळी पट्टी, आणि सायकलच्या ट्यूबच्या रबराने करकचून बांधलेलं. प्लास्टिकला पाण्याखाली काही होत नाही. घडी तशीच होती. शिवाय पंखा फिरवणारा पट्टा जागेवर नव्हता. तो मला पुढच्या सीटच्या पायाशी मिळाला, गुंडाळून ठेवलेला, आणि त्याच्या शेजारी पाना.

रस्त्यात गाडी बंद पडली होती का? पण मग गिअर पहिल्यात का? पट्टा तुटलेला नव्हता, काढलेला होता. मी सगळ्याचे फोटो काढले आणि मावशीकडे आले.

तिने चष्मा बदलला, फोन दिव्याखाली धरला.

"ही दुधाची पिशवी," ती म्हणाली.

"दुधाची?"

"आपल्या दुधवाल्याची. निळ्या पट्टीची. यांना लागायची म्हणून मी धुवून दोरीवर वाळत टाकायचे. शेजारीण म्हणायची, तुमच्याकडे यंदा पिशव्यांचं पीक बरं आलंय."

"कशाला लागायची?"

"फरशीसाठी."

फरशी म्हणजे नदीवरचा जुना ठेंगणा पूल, कठडा नसलेला. तेव्हा धरणाची भिंत आजच्यापेक्षा बुटकी होती. पाणी ओसरलं की जुना रस्ता उघडा पडायचा, आणि त्याच्यावरची फरशीही. मोठ्या पुलाचा वळसा वाचायचा. काकांच्या मागे बसून मी तिथून गेले होते, पण नेहमी कोरड्यातून.

"पाणी ओसरताना आणि पुन्हा चढताना थोडे दिवस फरशीवर पाणी असायचं," मावशी सांगत होती. "गुडघाभर. तेवढ्यातून गाडी जाते. फक्त त्या वाटीत पाणी जाऊ द्यायचं नाही, म्हणून पिशवी. आणि पट्टा काढायचा, नाहीतर पंखा पाणी उडवतो इंजिनावर. सगळेच करायचे. पलीकडे पोचलं की उतरून पिशवी काढायची, पट्टा चढवायचा."

बोलता बोलता फोटो तिने बोटांनी मोठा केला. रबराची गाठ दिसेपर्यंत.

"मरायला निघालेला माणूस पिशवी बांधत बसेल का?"

"नाही."

"माझी समजूत काढू नकोस हं."

"नाही काढत. पाना शोधायचा, उतरायचं, पावसात बॉनेट उघडून पट्टा काढायचा, वाटी बांधायची. हे सगळं पलीकडे गेल्यावर गाडी चालू राहावी म्हणूनच करतात. बुडवायच्या गाडीसाठी कुणी करणार नाही."

मावशी खुर्चीत मागे टेकली. "येत होते," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, दार उघडायला जाताना निघावा तसा.

मला वाटलं, इथे माझं काम संपलं. पण ती उठून चहा ठेवायला गेली आणि आधण येईपर्यंत तिच्या डोक्यात पुढचा प्रश्न तयार होता.

"मग बुडले कसे?"

"पाणी जास्त असेल."

"जास्त असतं तर गाडी घातलीच नसती. यांना ते पाणी घरच्या नळासारखं माहीत होतं. खांब बघितल्याशिवाय चाक ओलं करायचे नाहीत."

"कुठला खांब?"

"फरशीच्या तोंडाशी आकड्यांचा खांब नव्हता का? दोनपर्यंत जायचं, दोनच्या वर असेल तर मागे वळायचं. आणि एकदा चाक पाण्यात गेलं की पाय उचलायचा नाही, थांबलं की धुराच्या नळीत पाणी शिरतं. एवढेच दोन नियम. गावातल्या कुठल्याही पोराने सांगितले असते."

मी पाण्यातच नोकरी करते, पण हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. तसे खांब आमच्याच कार्यालयाचे असतात. त्यांवरून आम्ही धरणात किती पाणी आहे ते काढतो. त्यांच्यावरून गाड्या पलीकडे जात होत्या, हे आमच्या एकाही अहवालात नाही.

"मग त्या दिवशी खांब काय सांगत होता ते शोध," मावशी म्हणाली. "भाऊजींना सांगायचं तर अर्धवट सांगून चालणार नाही. म्हणतील, प्यायला असेल."

भाऊजी म्हणजे तिचे थोरले दीर. भावाला बायकोने घालवलं, असं त्यांनी आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितलं होतं, आणि मावशी समोर असेल तर जरा मोठ्याने.

मावशीच्या टेबलाच्या वर भिंतीला एक फोटो आहे. काका गाडीला टेकून उभे, मावशी शेजारी, ऊन तोंडावर. तो फोटो मी लहानपणापासून बघत आले आहे आणि नेहमी माणसंच बघत आले. आता त्यांच्या मागे, फरशीच्या तोंडाकडे बघितलं. खांब होता. लाकडी, वर काळ्या रंगाने आकडे काढलेले. काकांची उंची मावशीला माहीत होती, कारण त्यांच्या विजारी तीच आखूड करायची. मी पट्टीने काका मोजले, मग आकड्यांमधलं अंतर मोजलं आणि भागाकार केला. खांब थोडा मागे होता तेवढी सूट धरूनही, एका आकड्यापासून दुसऱ्यापर्यंत अंतर फूटभर भरत होतं. म्हणजे दोनचा आकडा फरशीपासून दोन फुटांवर. गुडघ्याच्या जरा वर. मावशीचं म्हणणं बरोबर होतं.

मला एवढंच बघायचं होतं की खांब अजून उभा आहे का, आणि खचला किंवा वाकला होता का. खचलेला खांब कमी पाणी दाखवत नाही, जास्तच दाखवतो, हे मला माहीत होतं. तरी बघायचं होतं.

"खांब?" पाणकावळा म्हणाला. "लोक खाली माणसं शोधतात. माणूस मिळाल्यावर तुम्ही खांब शोधताय."

"जा रे."

"जातो. पण मिळाला तर अर्धा माझा."

तो बराच वेळ खाली होता. वर येऊन त्याने बोटीची कड धरली. "आहे. सरळ आहे, ओळंब्यात. पांढरा, कपबशीसारखा गुळगुळीत. खालचे आकडे गाळात होते, ते साफ केले."

"गुळगुळीत? लाकडी नाही?"

"लाकूड कसलं. पत्रा, वर मिन्याचा थर. काल लावल्यासारखा."

कॅमेरा मी घेतला. चित्रात एक आकडा, मग दुसऱ्या चित्रात पुढचा.

"दोन आकडे एका फोटोत का नाहीत?"

"गढूळ पाण्यात फार लांबून फोटो येत नाही. आणि ते लांब आहेत एकमेकांपासून."

"किती लांब?"

तो पाण्यातच सरळ झाला आणि एक हात बाजूला ताठ पसरला. "एका आकड्याशी नाक लावलं तर दुसऱ्यापर्यंत बोटं पोचतात. एवढे."

मी त्याच्या नाकापासून बोटांपर्यंत बघत राहिले. नाक ते बोट. कापडवाले जुन्या काळी तसंच माप घ्यायचे. ते फूट नव्हे. मीटर.

"मॅडम, हात दुखायला लागला," पाणकावळा म्हणाला. "खाली घेऊ?"

लाकडी खांबावरचे दोन म्हणजे दोन फूट. मिन्याच्या खांबावरचे दोन म्हणजे दोन मीटर, काकांच्या डोक्यावरून पाणी. आकडा तोच, खांबाची जागा तीच. फक्त खांब कधी बदलला ते कळायला हवं होतं. काकांच्या नंतर बदलला असेल तर माझं सगळं गणित वाया.

ज्यांनी मला हे काम शिकवलं ते साहेब निवृत्त होऊन गच्चीत टोमॅटो लावतात. मी गेले तेव्हा ते रोपांना काठ्या बांधत होते, सगळ्या काठ्या एकाच उंचीच्या.

"फरशीचा खांब?" ते खूश झाले. "तो मीच बदलला. भिंत वाढवायचं काम निघालं तेव्हा सगळ्या खोऱ्यातले फुटांचे खांब काढून मीटरचे लावले. उन्हाळ्यात. कोरड्यात काम सोपं."

"म्हणजे बावीस वर्षांपूर्वी, भिंत वाढवण्याच्या आधीच्या उन्हाळ्यात?"

"अर्थात. पुढच्या वर्षी धरण भरलं आणि रस्ता, फरशी, सगळं कायमचं पाण्याखाली गेलं. शून्य मी स्वतः बसवलं होतं. फरशीच्या वरच्या पातळीशी तंतोतंत. आज जाऊन बघ, केसाचा फरक नसेल."

"बघितलं. नाही."

"मग?"

"लोकांना सांगितलं होतं का, सर?"

"कुठल्या लोकांना?"

"फरशीवरून जाणाऱ्यांना."

"त्यांचा खांबाशी काय संबंध? खांब कार्यालयाचा."

"ते खांब बघून ठरवायचे, गाडी घालायची की नाही. दोनपर्यंत जायचं, दोनच्या वर वळायचं."

साहेबांनी हातातली सुतळी खाली ठेवली. "हे आम्हाला कधी कुणी सांगितलं नाही."

"त्यांना वाटत होतं खांब त्यांच्यासाठीच आहे."

 मग माझ्याइतकेच शंकेखोर असल्यामुळे त्यांनी मला पडलेलाच प्रश्न विचारला. "मग बाकीचे कसे नाही बुडाले?"

"उन्हाळाभर फरशी कोरडी होती. कोरड्या फरशीवर खांब कोण बघतं. आणि त्या वर्षी पाणी कसं चढलं?"

"एका झटक्यात," ते म्हणाले. "वरून सोडलं होतं. आदल्या दिवशी घोटाभर, आणि दुसऱ्या संध्याकाळी पुरुषभर." त्यांनी बोटांवर दिवस मोजले. "म्हणजे गुडघाभर पाण्याचे दिवस त्या वर्षी आलेच नाहीत. ज्यांनी दिवसा बघितलं ते वळले असतील. कोण होतं?"

"माझे काका."

ते मला खाली सोडायला जिन्यापर्यंत आले. "खांब बरोबर होता," ते स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले.

"हो, सर. वाचणाराही बरोबर होता."

"पोलिसांना सांगायचं असेल तर मी येईन. मीच लावला, मीच सांगतो."

मावशीला मी सगळं क्रमाने सांगितलं. संध्याकाळ, पाऊस, दिव्यांच्या झोतात ओला खांब. पाण्याची रेघ दोनच्या जरा खाली. गढूळ पाणी वरून गुडघाभर असो की पुरुषभर, सारखंच दिसतं. पलीकडचा काठ नेहमीपेक्षा लांब असणार, पण पावसात त्यांना तो दिसला नसावा. हे माझं अनुमान, खात्री नाही. उतरून पट्टा काढला, पिशवी बांधली, पहिल्या गिअरमध्ये गाडी घातली. पाणी बॉनेटला आलं तेव्हा दुसरा नियम त्यांना माहीत होता.

"पाय उचलायचा नाही," मावशी म्हणाली.

"हो. मग गाडी तरंगली आणि पाण्याने बाजूला ढकलली. परक्या माणसाने एवढ्या पाण्यात गाडी घातलीच नसती. ज्याला खांब वाचता येतो तोच घालेल. आणि नंतर शोधणाऱ्यांनी फरशीकडे बघितलंच नाही, कारण तिथे पुरुषभर पाणी होतं. तिथून कोण जाईल, असं त्यांना वाटलं."

"काच वर होती म्हणालीस."

"वर होती."

"पाऊस आत यायला नको म्हणून. पेटी भिजेल." ती हातातला कोट उलटा करत होती, सुलटा करत होती. "पोहायला शिका म्हटलं तर म्हणायचे, मी काय मासा आहे."

मग कोट तिने बाजूला टाकला आणि भिंतीवरच्या फोटोकडे बघून बोलायला लागली. मी खोलीत आहे हे ती विसरली असावी. "डोळे कुठे गेले होते तुमचे? लाकडाचा खांब होता, पांढरा पत्रा झाला, ते नको का दिसायला? लोकांच्या फ्रिजमधला एक स्क्रू बदललेला तुम्हाला बाहेरून कळायचा. एवढा खांब बदललेला कळला नाही? घाई कसली एवढी? फिरून आला असतात तर काय मी दार लावून बसले होते?"

ती थांबली. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"घाई माझीच," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "मी बोलले नसते तर सकाळी पुलावरून आले असते. खरं ना?"

नाही म्हणणं सोपं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, भोक शोधणाऱ्या गिऱ्हाइकासारखी.

"हो," मी म्हटलं. "तेही खरं आहे."

"बरं केलंस हो म्हणालीस. बाकी कुणी म्हटलं नसतं." तिने नाक पुसलं. "ते माझं मी बघेन. त्यांना यायचं होतं, एवढं मला पुरे आहे. आता फोन दे."

"पोलिसांना?"

"पोलीस नंतर. भाऊजी."

फोन बराच वेळ वाजला. मावशी उभी राहूनच बोलली. "भाऊजी, मी बोलतेय. तुमचा भाऊ घरी येत होता. हो, त्याच दिवशी. घरी म्हणजे माझ्या घरी, आणखी कुठल्या?" पलीकडून लांबलचक काहीतरी आलं. "नाही, प्यायले नव्हते. खांब वाचत होते. फूट आणि मीटर. नाही, फोनवर नाही कळायचं, तुम्हाला तर नाहीच. इकडे या. माझी भाची चित्र काढून समजावून देईल. आणि येताना एवढी वर्षं कुणाकुणाला काय काय सांगितलंत ते आठवून या. त्या सगळ्यांना परत सांगायचंय, तुम्हीच."

तिने फोन ठेवला, टेबलावरचे कोट उचलून खुर्चीवर टाकले आणि शिवणाच्या डब्यातून कापडावर खुणा करायचा पांढरा खडू माझ्या हातात दिला. टेबलाचं लाकूड काळं आहे, त्यावर रेघ छान उठते. मी दोन खांब काढले, शेजारी शेजारी, प्रमाणात. एकावर आकडे दाट, दुसऱ्यावर विरळ. दोन्हींच्या बुडाशी फरशीची एकच आडवी रेघ.

मावशी चष्मा लावून वाकली. "गाडीपण काढ."

"कुठल्या खांबाशी?"

"दोन्ही. भाऊजींना एका वेळी एकच गोष्ट कळते," ती म्हणाली. "आधी ही दाखव, चाकं बुडालेली, पलीकडे जाणारी. मग ती."